चालत्या यंत्राची निवृत्ती

२०१५ साली आलेल्या विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. धडधाकट यंत्राला वेळेत घरी बसवण्याची ही दूरदृष्टी वाखाणण्यासारखीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. ती नसलेला संगणक कितीही पळो, म्हाताराच. कंपनी निर्दय मात्र नाही. तिच्या ‘रिवॉर्ड्स’ योजनेचे १,००० गुण खर्च केले की सुरक्षेची मुदत वाढते.

तळेगाव ढमढेरेच्या शिवारातही ही शिस्त तातडीने लावावी. दहा वर्षांची पाणबुडी मोटार पाणी उपसत असली तरी बाहेर काढावी. नवी बसत नसेल, तर विहीर बदलावी.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट फुकट मिळतं, जुन्या यंत्रावरही चालतं. सी-डॅक या सरकारी संस्थेने तर ‘बॉस’ हे देशी लिनक्सही बनवलं. दोघांचा दोष एकच: फुकटाचं बिल होत नाही, मग भावकीला दाखवायचं काय?

म्हणून सुजाण कुटुंबप्रमुख पुण्याहून नवा संगणक आणतो आणि लगेच सातबारा काढायला बसतो. तो ब्राउझरमध्येच उघडायचा असतो, जुन्यावर उघडायचा तसाच. फरक एवढाच, की ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे आता जास्त ठळक दिसतं.