बिनबोलावता हिमालय

सिएटलच्या उपनगरात घरामागे हातभर जमीन मिळाली की मराठी माणूस आधी कढीपत्ता आणतो, मग तुळस, मग गवती चहा. थंडी पडली की तिघांना उचलून घरात घ्यायचं, खिडकीतलं ऊन त्यांच्यासाठी राखून ठेवायचं. एवढे लाड पुरवूनही कढीपत्ता फोडणीपुरती पानं देताना जीव खातो. तिकडे कुंपणाशी मात्र कोणी न लावलेली, कोणी पाणी न घातलेली रानटी ब्लॅकबेरी खुशाल माजलेली असते.

तिला इकडे हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात. नाव ऐकून मला उगीचच आपुलकी वाटली होती. पण हिमालयाशी तिचा काडीचाही संबंध नाही. ल्यूथर बरबँक हे कॅलिफोर्नियातलं मोठं प्रस्थ. नव्या नव्या जातींची झाडं तयार करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. भारतातून आलेल्या बियांपासून त्याने हे झुडूप वाढवलं आणि १८८५ मध्ये ‘हिमालया जायंट’ म्हणून बाजारात आणलं. वनस्पतिशास्त्रज्ञ तिचं मूळ गाव आर्मेनियाकडे असल्याचं सांगतात, तिचं शास्त्रीय नावही रुबस आर्मेनियाकस. लोकांनी ते मनावर घेतलं नाही. आता वॉशिंग्टन राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत ती याच खोट्या पत्त्यावर नांदते आहे.

उपद्रव खराच आहे. लांबलचक फांद्या कमानीसारख्या वाकतात आणि शेंडा जमिनीला टेकला की तिथेच मुळं धरतात. म्हणजे फांदी पडली असं आपण समजतो, तेव्हा तिने पुढचं पाऊल टाकलेलं असतं. काटे मागे वळलेले, त्यामुळे हात आत जाताना कोणी अडवत नाही. खरी झडती बाहेर येताना.

म्हणून आम्ही तडजोड केली. मागच्या कुंपणाचा एक कोपरा तिचा, बाकी अंगण आमचं. शरद ऋतूत जमिनीकडे झुकणारे शेंडे कापायचे. पहिल्या वर्षी फांदीला नुसती पानं, दुसऱ्या वर्षी फुलं-फळं आणि मग ती वाळते. तेवढ्या वाळक्या काढून टाकायच्या. याला बागकाम म्हणायला मी तयार नाही. सीमाप्रश्न म्हणा हवं तर.

ऑगस्टमध्ये आई आली होती. कुंपणावर काळं झालेलं पाहून तिला करवंदं आठवली नसती तरच नवल! चकाकणारं टपोरं फळ तिने तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. आंबट! इथे चकाकी म्हणजे कच्चेपणा. रंग जरा मंद झाला, बोट लागताच फळ हातात आलं की समजायचं साखर उतरली. जोर करावा लागला तर आणखी दोन दिवस थांबावं. दुसऱ्या दिवसापासून आई नुसत्या नजरेने निवडायला लागली.

“चीक नाही गं याला,” तिने मोठेपणाने कबूल केलं, “पण बिया फार.”

दुकानातल्या ब्लॅकबेऱ्या तिला दाखवल्या. बिनकाट्याच्या झुडपांच्या, प्लॅस्टिकच्या डबीत एका मापाच्या बसलेल्या. तिने किंमत वाचली, मनातल्या मनात रुपये केले आणि डबी जागेवर ठेवली. घरी येऊन पातेलंभर तोडल्या, साखर घालून आटवल्या, वेलची टाकली. मुरंबा म्हणायचा की जॅम, यावर नवऱ्याचं आणि तिचं अजून एकमत नाही.

शेजाऱ्यांनी मात्र आपल्या बाजूचं जंगल साफ करायला शेळ्या भाड्याने आणल्या. इकडे तशी रीतसर सोय असते: शेळ्या गाडीतून येतात, तात्पुरतं विजेचं कुंपण घातलं जातं आणि त्या काट्यांसकट सगळं फस्त करतात. आई कुंपणापाशी खुर्ची टाकून बसली.

“आमच्याकडे शेळी बागेत शिरली तर भांडणं होतात,” ती म्हणाली. “इथे शिरण्याचे पैसे देतात!” मग थोडा वेळ हिशेब करून तिने विचारलं, “आणि दूध कोणाचं?”