अथ पॅकेजवर्णनशुद्धिप्रयोगः

काशीत स्थायिक झालेल्या मराठी पंडिताला कोणतीही गोष्ट नुसती करवत नाही. ती कशी करावी हे आधी लिहून ठेवावे लागते. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ लिहून प्रयाग, काशी आणि गया येथे यात्रेकरूने काय करावे ते सांगितले. संस्कारांसाठी ‘प्रयोगरत्न’ रचले. नातू कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर आले, तेव्हा त्यांनाही त्या सोहळ्याचा ‘प्रयोग’ लिहावा लागला.

या परंपरेत एक विधी मात्र राहून गेला. संगणकाच्या पॅकेजचे वर्णन कसे शुद्ध करावे, हे कोणत्याच भट्टाने सांगितलेले नाही. ती उणीव दूर करणारी ही अल्प पद्धती.

डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली मुक्त संगणकप्रणाली. जून २०२३ मध्ये आलेल्या तिच्या ‘बुकवर्म’ आवृत्तीत ६४,००० हून अधिक पॅकेजेस, म्हणजे संगणकावर बसवायला तयार बांधलेले गठ्ठे, होती. प्रत्येकाला वर्णन लागते: वर एक ओळ, खाली सविस्तर मजकूर. टर्मिनलवर कोणी शोध घेतला की नावे आणि त्या एकेक ओळी तेवढ्या समोर येतात. वधूवर सूचक मंडळाच्या वहीसारखाच प्रकार. उमेदवार प्रत्यक्षात कितीही गुणी असो, वहीतली ओळ फसली की पान उलटले जाते.

प्रथम अधिकारविचार. वर्णन शुद्ध करण्याचा अधिकार कोणाला? ज्याने पॅकेज बांधले त्याला मुळीच नाही. त्याला ती वस्तू इतकी ठाऊक असते की ती ठाऊक नसलेला माणूस त्याच्या कल्पनेतच येत नाही. तो लिहितो, ‘अमुक तमुकच्या धर्तीवरची, तमुक भाषेत नव्याने लिहिलेली आवृत्ती’. अमुक म्हणजे काय हे वाचणाऱ्याला ठाऊक असते तर तो शोधायला आलाच नसता. म्हणून संपादक असा निवडावा, ज्याला त्या पॅकेजमधले काही कळत नाही आणि तसे कबूल करण्याची लाजही वाटत नाही. काशीत ही दुसरी अट पाळणारा माणूस मिळणे कठीण, हे खरे.

आता मुख्य विधी, म्हणजे वरची ओळ. डेबियनच्या धर्मशास्त्रात तिचे नियम स्पष्ट आहेत. ओळ ऐंशी अक्षरांच्या आत संपावी. ती वाक्य नसावी, नामपदांचा समूह असावा. म्हणून शेवटी पूर्णविराम नको आणि सुरुवातीला उगाच मोठे अक्षर नको. आरंभी इंग्रजी आर्टिकल नको. पॅकेजचे नाव पुन्हा घालू नये, कारण ते शेजारीच छापलेले असते. यांपैकी दोन नियमांची दीक्षा मराठी माणसाला जन्मतःच मिळालेली असते: त्याच्या भाषेत आर्टिकल नाही आणि लिपीत मोठे अक्षर नाही. बाकीच्या जगाने जे कष्टाने गाळायचे, ते त्याच्याकडे मुळातच नसते.

ओळ जमली की नाही हे पाहण्याची कसोटीही शास्त्रात दिली आहे. ‘अमुक हे एक’ असे म्हणून पुढे ती ओळ जोडावी आणि शेवटी ‘आहे’ लावावे. अडखळले तर ओळ चुकली. ‘काउसे’ नावाचे एक पॅकेज टर्मिनलवर गायीचे चित्र काढते आणि आपण दिलेले वाक्य तिच्या तोंडी घालते. त्याची वर्णनओळ मराठीत करायची तर ‘हवी तशी बदलता येणारी बोलकी गाय’ अशी होईल. लावा कसोटी: काउसे ही एक हवी तशी बदलता येणारी बोलकी गाय आहे. शंभरपैकी शंभर गुण. काशीच्या गल्लीत समोरून येणारी गाय हवी तशी बदलता येत नाही आणि बोलतही नाही, एवढाच फरक. तिला भिंतीला चिकटून वाट द्यावी लागते.

उलट उदाहरण ‘एसएल’चे. फायलींची यादी मागण्यासाठी ‘एलएस’ टंकायचे असते. घाईत अक्षरे उलटी पडली की हे पॅकेज पडद्यावरून वाफेचे इंजिन धडधडत नेते, आणि ते जाईपर्यंत माणसाला हात चोळत बसावे लागते. वर्णनओळ सांगते, की चुकून ‘एसएल’ टंकले तर हे तुम्हाला सुधारते. क्रियापदाने सुरुवात, पहिले अक्षर मोठे, पोटात स्वतःचेच नाव: तिन्ही दोष एका ओळीत. शिवाय इंजिनाचा उल्लेखच नाही. विनोद लपवण्यासाठी नियम मोडले असतील तर संपादकाने क्षणभर थांबावे. पण थांबावे क्षणभरच.

लांब मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या ‘लेस’ची गोष्ट आणखी नाजूक. त्याच्या ओळीचा मथितार्थ असा, की हा ‘मोर’सारखा पेजर आहे. इंग्रजी येणाऱ्याला कमी हे जास्तसारखे का, असा प्रश्न पडतो, आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पिसारा येतो. ज्याने ‘मोर’ हा जुना प्रोग्रॅम वापरला आहे त्यालाच ही ओळ उमगते, आणि त्याला बहुधा ‘लेस’ही आधीपासून ठाऊक असतो. ओळ आखूड आहे, खरी आहे, नियमांत आहे, आणि नवख्याच्या काही उपयोगाची नाही.

इथे काशीच्या वैयाकरणांना बोलावणे भाग आहे. नागेशभट्ट हे काळे आडनावाचे मराठी पंडित, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत नांदलेले. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, ही प्रसिद्ध परिभाषा त्यांच्या ‘परिभाषेंदुशेखरा’त आहे. ऐंशी अक्षरांच्या मर्यादेत झगडणाऱ्याला याहून मोठा कुलगुरू कुठे मिळायचा? पण कुलगुरूंना युनिकोड दाखवले तर त्यांचा पुत्रोत्सव जागीच थांबेल. युनिकोडमध्ये सबंध ‘क’ला एक संकेत लागतो आणि अर्ध्या ‘क’ला दोन, कारण हलन्ताचा वेगळा मोजतात. ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर. यंत्राच्या हिशेबी चार. अर्धे अक्षर पुऱ्याहून महाग पडणारी ही जगातली एकमेव बाजारपेठ असावी.

शिवाय लाघवाचा मोह कुठवर नेतो हेही काशीने पाहिले आहे. पाणिनीची सुमारे ४,००० सूत्रे इतकी घट्ट विणलेली, की आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्यात मनानेच आणायचा. शेवटचे सूत्र तर अवघ्या दोन अक्षरांचे. (संगणकभाषांचे व्याकरण मांडण्याच्या पद्धतीला बॅकसबरोबर पाणिनीचेही नाव द्यावे, अशी सूचना १९६७ साली पीटर इंगरमन यांनी केली होती, कारण पाणिनीची नियम मांडण्याची रीत तशीच होती.) रचना अजोड, पण एक शब्द साधायला शिकणाऱ्याने आठही अध्याय पालथे घालायचे. तेव्हा सतराव्या शतकात काशीच्या भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धान्तकौमुदी’त तीच सूत्रे विषयवार लावली: संधी एकीकडे, समास एकीकडे. त्यांनी सूत्राला हात लावला नाही, वाचणाऱ्याची वाट बदलली. तरीही ग्रंथ मोठा झाला, म्हणून त्यांचे शिष्य वरदराज यांनी ‘मध्य’ आणि ‘लघु’ अशा आणखी दोन कौमुदी केल्या. पुढे नागेशभट्टांनीही ‘मंजूषा’, ‘लघुमंजूषा’ आणि ‘परमलघुमंजूषा’ असा एकच विषय तीन मापांत बेतला.

वरची ओळ आणि खालचा मजकूर यांचे नाते नेमके हेच. ओळ ही परमलघुमंजूषा. ती घाईतल्या माणसासाठी. खालचा मजकूर थांबलेल्या माणसासाठी. अनेक मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारे, वरची ओळ खाली पुन्हा उतरवतात, किंवा वर अर्धे वाक्य सोडून खाली ते पुरे करतात. दोन्ही निषिद्ध. खाली सांगायचे ते हे: हे पॅकेज करते काय, कोणाला लागते, आणि याच कामाची दुसरी चार असताना हेच का घ्यावे. ते कोणत्या भाषेत लिहिले आहे याची चौकशी सहसा लिहिणाऱ्याखेरीज कोणी करत नाही. आणि परिच्छेदांमध्ये मोकळी ओळ सोडायची असेल तर तिथे एक जागा सोडून एक टिंब द्यावे लागते. खरोखरची मोकळी ओळ दिसली की यंत्र पॅकेजची माहितीच संपली असे समजते. या टिंबाचा विसर पडून फसलेल्यांनी उगाच कर्मकांडाला हसू नये.

यानंतर एकवाक्यता. हा भाग काशीत शिकवायचा म्हणजे मोठी पंचाईत. १९५६ साली शहराचे अधिकृत नाव वाराणसी झाले. तरी रेल्वेने येणाऱ्याला वाराणसी जंक्शन, वाराणसी सिटी, काशी आणि बनारस अशी चार वेगवेगळी स्थानके भेटतात. त्यांतले बनारस हे २०२१ पर्यंत मंडुवाडीह होते, आणि वाराणसी जंक्शनला रिक्षावाला ‘कँट’ म्हणतो. १९१६ साली स्थापन झालेले हिंदू विद्यापीठ इंग्रजीत ‘बनारस’, हिंदीत ‘काशी’, आणि पत्त्यात ‘वाराणसी’. काशीकराला यात काही गैर वाटत नाही. त्याला तिन्ही नावे तीन वेगळ्या सुरांत ऐकू येतात. पॅकेजच्या वर्णनात मात्र ‘ईमेल’, ‘ई-मेल’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक मेल’ एकाच परिच्छेदात आले, की परक्या वाचकाला या तीन वेगळ्या वस्तू वाटतात आणि तो चुकीच्या स्थानकावर उतरतो.

यावर उतारा म्हणून संपादकाने बाबूराव विष्णु पराडकरांचे स्मरण करावे. १८८३ साली काशीत मराठी घरात जन्मलेला हा माणूस हिंदी पत्रकारितेचा आधारस्तंभ ठरला. १९२० साली निघालेल्या ‘आज’ या दैनिकाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. ‘मिस्टर’ऐवजी ‘श्री’, ‘मेसर्स’ऐवजी ‘सर्वश्री’, शिवाय ‘राष्ट्रपति’ आणि ‘मुद्रास्फीति’ हे शब्द हिंदीत रुळवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. दैनिकाच्या संपादकाला रोज एकाच कल्पनेसाठी नवा शब्द शोधण्याची चैन परवडत नाही. त्याने एक निवडावा आणि दुसऱ्या दिवशीही तोच छापावा. लालित्यासाठी समानार्थी शब्द पेरणाऱ्याला पॅकेजच्या वर्णनाजवळ फिरकू देऊ नये, मग तो कितीही मोठा साहित्यिक असो.

एकाच कुळातल्या पॅकेजेसना एकच साचा असावा, हेही याच्याच पोटात येते. मूळ लायब्ररी, तिच्या विकसनाच्या फायली, तिचे दस्तऐवज: तिन्हींच्या ओळी समान शब्दांनी चालाव्यात आणि फरक शेवटी कंसात यावा. ‘लिबकर्ल’ या लायब्ररीच्या कुळात हा फरक ‘फ्लेवर’ म्हणून सांगतात, एक ओपनएसएसएल फ्लेवर, दुसरा जीएनयूटीएलएस फ्लेवर. कुल्फीवाल्याची पाटी वाटली तरी पद्धत योग्य आहे.

आता निषेध. ‘शक्तिशाली’, ‘सोपे’, ‘हलके’, ‘आधुनिक’ ही विशेषणे दिसताक्षणी गंगार्पण करावीत. सगळेच शक्तिशाली असतील तर त्या शब्दाने निवड होत नाही. ‘नवीन’ तर सर्वांत घातक. वाराणसीतली नई सड़क जुनी होऊन किती पिढ्या लोटल्या, आणि पुण्यातला नवा पूल शंभरी ओलांडूनही नवाच आहे. पॅकेजच्या वर्णनातला ‘नवीन’ तसाच राहतो; तो काढायला कोणी परत येत नाही. ‘व्हिम’ या मजकूर-संपादक प्रोग्रॅमने यातून चलाखीने मार्ग काढला. नावातल्या ‘इम’चा अर्थ आधी ‘नक्कल’ असा होता, म्हणजे जुन्या ‘व्हीआय’ची नक्कल, पुढे इंग्रजीतली तीच दोन अक्षरे ठेवून अर्थ ‘सुधारलेला’ असा केला. नागेशभट्टांनी यासाठी नक्कीच पेढे वाटले असते.

वस्तू बदलते आणि वर्णन मागे राहते, हा दोष दर आवृत्तीला तपासावा. बनारसचा इंजिन कारखाना विजेची इंजिने बांधू लागल्यावरही काही वर्षे ‘डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स’च होता, पाटी २०२० मध्ये बदलली. पॅकेजेसमध्ये अशा पाट्या शेकड्यांनी सापडतात. ज्या प्रणालीचे नाव कधीच बदलले तिच्यासाठी ‘उत्तम आधार’ असल्याची ग्वाही तिथे अजून निष्ठेने दिलेली असते.

शेवटी प्रायश्चित्त. ‘लिंटियन’ नावाचे यंत्र प्रत्येक पॅकेज तपासते: ओळ लांबली, आर्टिकलने सुरू झाली, नाव पुन्हा आले, ठरावीक शब्दाचे स्पेलिंग चुकले, की ते बोट ठेवते. कापडावरच्या तंतूंवरून पडलेले ‘लिंट’ हे नाव १९७० च्या दशकातल्या एका तपासनीस प्रोग्रॅमचे. ‘लिंटियन’ हे डेबियनने त्याच वळणावर ठेवलेले. काशीच्या विणकरांच्या गावात त्याची ओळख करून द्यायला नको. मात्र ‘लेस’च्या ओळीला त्याची हरकत नसते. तिच्यात मोजण्याजोगा दोष नाही.

सर्व विधी आटोपल्यावर संपादकाने ‘हॅलो’ हे पॅकेज उघडावे. पडद्यावर जगाला नमस्कार करणे एवढेच त्याचे काम. त्याचे सविस्तर वर्णन गंभीर मुद्रेने सांगते, की प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांना एरवी हाती न लागणारे संगणकशास्त्रातले एक अभिजात साधन यामुळे वापरता येते. मग ती टिंबाची ओळ येते, आणि तिच्याखाली ‘आता खरे सांगायचे तर’ अशा अर्थाचे शब्द: हे केवळ पॅकेज कसे बांधावे याचे उदाहरण आहे. कठोर संपादकाने पहिला परिच्छेद पुरता कापायला हवा, कारण त्यात माहिती शून्य. ब्रह्मघाटाच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसलेला काशीकर संपादक तो दोनदा वाचतो, हसतो, तसाच ठेवतो, आणि ‘प्रोग्रॅमिंग न येणारे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दात जोडरेघ हवी की नको, यावर शेजाऱ्याशी वाद घालायला बसतो.