भांडी कुठायत?

किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी घेऊन हिंडावं, रात्री गाडीतच झोपावं आणि वाटेत गोधड्या शिवाव्यात, ही कल्पना आमची नव्हे. ती अमेरिकेतल्या भाचीची. तिकडे म्हणे निवृत्त जोडपी घराएवढ्या गाड्या घेऊन निघतात. मुक्कामाला जागोजाग तळ असतात. तिथे नळ जोडायचा, वीज जोडायची, सांडपाण्याचा पाइप जोडायचा आणि निवांत शिवायला बसायचं. वाटेतल्या गावांत गोधडीच्या कापडाची खास दुकानं असतात. या दुकानातून त्या दुकानात असं भटकण्याला 'शॉप हॉप' म्हणतात. भाचीने व्हिडिओच पाठवला. त्यातली बाई हसतमुख होती, मागे समुद्र होता आणि आजूबाजूला एकही माणूस नव्हता. ही शेवटची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आमचे हे एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. शाळेची एक जुनी मिनीबस स्वस्तात मिळत होती. ती घेऊन वसई पूर्वेच्या एका गॅरेजात गेलो. गाडीच्या रचनेत फेरफार करायचा तर आधी परवानगी लागते, आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, हे मी वाचून गेले होते. गॅरेजवाल्याने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडदे कुठल्या रंगाचे लावू?" कागदपत्रांचं पुढे काय काय झालं ते सांगत बसले तर गाडी या लेखात सुरूच व्हायची नाही.

राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. त्यात कॅरॅव्हॅन पार्क आहेत, पाणी आहे, वीज आहे, कचऱ्याची सोय आहे. धोरण मी गाडीत ठेवलं आहे. पार्क अजून आमच्या वाटेत आडवा आलेला नाही, त्यामुळे मुक्कामाला आम्ही देवळाच्या आवारात किंवा कुणाच्या वाडीत उभे राहतो आणि पाणी मागून घेतो. सांडपाण्याचं विचारू नका. एका गावात सार्वजनिक शौचालयावर टाकी रिकामी करायला गेले, तर दारातला माणूस दरपत्रकाकडे बोट दाखवून म्हणाला, "दर माणशी आहे. ही किती माणसांची?" मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, "माणसं दोन, पण दिवस किती?" प्रश्न बिनतोड होता.

वसईतून बाहेर पडणं हाच एक स्वतंत्र प्रवास आहे. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम १७३७ ते १७३९ चालली, आणि त्यांना तर फक्त आत यायचं होतं. निर्मळ, गास, भुईगाव या बाजूचे रस्ते बैलगाडीच्या मापाचे. वर केबलच्या तारा लोंबतात, खाली पाण्याचा टँकर उभा असतो, आणि लग्नसराईत अर्ध्या रस्त्यावर मांडव. आमच्या गाडीच्या टपाला तार लागली की गल्लीतल्या सगळ्या मालिका एकदम बंद पडतात आणि घराघरांतून माणसं बाहेर येतात. अशाने ओळखी वाढतात, हे खरं.

बरं, ह्यांना मागे गाडी घ्यायची असली की डबल बेल लागते. आरसे आहेत, कॅमेराही बसवलाय; पण उभ्या नोकरीत कंडक्टरच्या बेलशिवाय गाडी हलवली नाही, आता हलवणार नाही. एक टोला थांबा, दोन टोले चला. तेव्हा मी मागच्या खिडकीशी वाटी-चमचा घेऊन उभी राहते. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा, आणि सुई दातांत. दुसरी खोड अशी, की रस्त्याच्या कडेला कुणी हात केला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. माणसं चढतात, माझ्या शिवणाच्या बाकावर बसतात आणि सफाळ्याचं तिकीट मागतात. एका आजोबांनी तर अर्धं तिकीट मागितलं आणि आधार कार्ड काढून दाखवलं.

आता खाड्या. मुंबई आणि विरारमध्ये १८६७ सालापासून आगगाडी धावते, पण रस्त्यावरच्या गाडीला वसईहून समोर दिसणाऱ्या भाईंदरला जायचं तर घोडबंदरला वळसा घालावा लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाड्या वाहणारी रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने ३८ किलोमीटर पडायचं ते पाण्यातून साडेतीनावर आलं. उत्तरेला वैतरणेची खाडी. विरारच्या नारंगीहून पलीकडे जलसारच्या बाजूला जायला सुमारे ६० किलोमीटरचा फेरा, आणि मधलं पाणी दीड किलोमीटर. तिथेही २०२५च्या एप्रिलात रो-रो आली. सोय उत्तम, तक्रार नाही. तक्रार आहे ती एका जेट्टीवरच्या तिकीटखिडकीपाशी (कुठली जेट्टी ते जाऊ द्या) झालेल्या चर्चेबद्दल. आमची गाडी कशात मोडते? बस म्हणावी तर प्रवासी नाहीत. कार म्हणावी तर आत गॅसची शेगडी. खिडकीतला मुलगा खाली उतरून आला, आत डोकावला, कपड्यांचे गठ्ठे बघितले आणि निकाल देऊन टाकला: "कपडे म्हणजे माल. माल म्हणजे टेम्पो." ह्यांनी आयुष्यभर माणसं वाहिली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गोधडीविषयी थोडं सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं ती मांडीवर घेऊन शिवता येते. माझं माहेर घाटावरचं, फलटणकडचं. तिकडे गोधडी जमिनीवर जन्मते. खाली अख्खं लुगडं अंथरायचं, ताणून चार कोपऱ्यांवर वरवंटा, इस्त्री, डबे, मिळेल ते वजन ठेवायचं. वर जुन्या धोतरांचे, साड्यांचे थर, सुरकुती न पडू देता. मग वरचा तुकड्यांचा थर, कच्चे टाके, आणि कडेपासून धावदोरा घालत घालत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. शेवटचं तोंड मिटण्याआधी आमची आजी आत पोळीचा तुकडा घालायची. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. या सगळ्याला हवी मोकळी, सपाट, कोरडी जमीन. गाडीतल्या दोन बाकांमधली वाट माझ्या पदराएवढी.

म्हणून बाहेर अंथरायचं. बाहेर म्हणजे किनारा, आणि किनाऱ्याला वारा आहे. राजोडीला चारही वजनं ठेवून मी सुई ओवेपर्यंत मधला थर उडाला आणि एका पर्यटक कुटुंबाच्या भेळेवर जाऊन बसला. कळंबच्या गोधडीत वाळू गेली आहे. अंगावर घेतली की कुशी बदलताना कुरकुरते. अर्नाळ्याला वाळू नव्हती, पण शेजारी वलांडीवर बोंबील सुकत होते. सुती कापड वास धरतं, आणि जुनं सुती कापड फारच निष्ठेने धरतं. ती गोधडी मी तीनदा धुतली. आता तिला धुतलेल्या बोंबलांचा वास येतो. गल्लीतलं मांजर मात्र तिच्यावरून उठायला तयार नाही.

पण वारा, वाळू, बोंबील ही निसर्गाची कामं. माझं खरं दुखणं वेगळंच आहे.

जुन्या साड्या दिसल्या की आपल्याकडे लोकांना भांडी आठवतात. बोहारणीने पिढ्यान्‌पिढ्या लावलेली ही सवय. अर्नाळ्याला गाडी उभी करून दार उघडलं, गठ्ठा सोडला, तेवढ्यात एक बाई आल्या. हातात दोन नायलॉनच्या साड्या आणि एक टेरिकॉटची पँट. आत बघून म्हणाल्या, "भांडी कुठायत?" मी म्हटलं, "मी बोहारीण नाही हो, गोधड्या शिवते." त्यांनी माझ्याकडे, मग साड्यांकडे, मग फळीवर ठेवलेल्या माझ्या कुकरकडे बघितलं. "तो केवढ्याला?" म्हटलं, तो आमचा आहे. "मग त्याच्यापेक्षा लहान दाखवा."

ही बातमी आमच्या आधी खाडी ओलांडून गेली असावी. दातिवऱ्याला आम्ही पोचलो तर रांग होती. एडवणला एका बाईंनी थेट भांडणच काढलं: गेल्या वर्षी मी त्यांना जरीची साडी घेऊन पातळ पत्र्याचं पातेलं दिलं, ते पहिल्याच भाताला करपलं. गेल्या वर्षी मी घरी होते, ही गाडी शाळेत होती, हे सांगून बघितलं. चार बायका जमल्या. त्यातल्या दोघींनी मला ओळखलं. ह्यांनी खिडकीतून डोकं काढून एवढंच म्हटलं, "अगं, देऊन टाक, पुढे उजेड राहणार नाही." तेव्हापासून आमचं चहाचं पातेलं एडवणला आहे आणि आम्ही चहा कढईत करतो. बदल्यात मिळालेली टेरिकॉटची पँट माझ्यापाशी आहे. टेरिकॉट गोधडीत चालत नाही. सुई अडते, घाम टिपत नाही, थर सरकतात. ती पँट ह्यांना आखूड होते.

बाकीचे लोक भांडी मागत नाहीत, सूचना करतात. केळव्याला शीतलादेवीच्या देवळाजवळ एका तरुणाने सुचवलं की गोधडीवर वारली काढा, लगेच उठाव येईल. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाड्यांच्या भिंतींवरचं वारली आता मगांवर, मोबाइलच्या कव्हरांवर आणि हॉटेलांच्या न्हाणीघरांत पोचलं आहे. अंथरुणात तेवढं यायचं राहिलं होतं. बोर्डीला विचारलं, मशीन का घेत नाही. घोलवडला विचारलं, यात चिकूचा काही नमुना बसेल का, आमच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. आणि गाव कुठलंही असो, एक गृहस्थ येतातच, जे रस्त्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ताई, ठिगळं तर सरकारही लावतं, हॅ हॅ हॅ." पहिल्यांदा मी हसले होते. आता ते गृहस्थ रस्ता ओलांडत असतानाच मला ऐकू येतं.

"एवढ्या उकाड्यात गोधडी घेणार कोण?" हा प्रश्नही असतो. तो विचारणारा माणूस आत पंखा पाचावर लावून, डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन झोपतो, हे मला त्याच्या बायकोने सांगितलेलं असतं.

केळव्याशेजारच्या माहीमला एक आज्जी भेटल्या. गाडीत चढल्या, बसा म्हणायच्या आत बसल्या, आणि गोधडी उलटी केली. शिवणारी माणसं सुलट बाजू बघतच नाहीत. मागच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "बाय, हे टाके की उड्या?" गोधडी म्हणजे आमच्या घाटावरची गोष्ट, असं मी थोडं ठसक्यात सांगितलं. गीता खंडेलवाल यांचं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचं इंग्रजी पुस्तकही काढून दाखवलं. ते फ्रान्समधल्या प्रकाशकाने छापलंय आणि भाचीमार्फत अमेरिकेहून वसईला आलंय, म्हणजे पुस्तकाने माझ्यापेक्षा जास्त समुद्र बघितलाय. आज्जींनी पानं उलटली, "यात आमची नाही," म्हणाल्या आणि नातवाला घरी पिटाळलं. त्याने आणलेल्या गोधडीवरचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे होते, मागूनही आणि पुढूनही. मग त्यांनी माझी कात्री मागितली आणि माझी एक अख्खी बाजू उसवायला घेतली. उसवताना त्यांना चहा लागला. कढईतला चहा बघून त्यांनी ह्यांना विचारलं, "संसार नवीन आहे का?"

ती बाजू त्यांनीच परत शिवायला घेतली, पण संध्याकाळची भरती आणि त्यांची मालिका एकाच वेळेला होती. तीन बाजू माझ्या, अर्धी बाजू त्यांची, उरलेली अर्धी उघडी, अशी ती गोधडी गाडीत आहे. आता त्यांचे टाके बघून कुणालाही माझे दिसतात. त्यांचे उसवावेत तर मला तसे जमत नाहीत, आणि ठेवावेत तर उरलेलं सगळं उसवावं लागेल.

वसईला परतलो तर दारावर सोसायटीची नोटीस. आवारात वाहन उभं करायला हरकत नाही, मात्र ज्यात ओटा, मोरी आणि निजण्याची सोय आहे ते वाहन की सदनिका, याचा खुलासा सदस्यांनी सात दिवसांत करावा. सदनिका असल्यास मेंटेनन्स आणि सिंकिंग फंड लागू. ह्यांनी लेखी उत्तर दिलं, की सदनिका मानत असाल तर तिला स्वतंत्र नळजोडणी, पत्रपेटी आणि मताचा अधिकार द्या. वकील असलेल्या एका सदस्यांनी यात तथ्य आहे म्हटल्यावर विशेष सभा बोलावली गेली. गणपूर्ती झाली नाही, म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब केली. तेवढ्यात पाऊस आला. गच्चीच्या जिन्यात डास होते आणि पार्किंगमध्ये पाणी साचायला लागलं होतं, म्हणून उरलेली मंडळी गाडीत येऊन बसली. सचिवांनी विषय क्रमांक चार वाचायला घेतला आणि पंखा जरा त्यांच्याकडे वळवायला सांगितला.