पंधरावी काठी

शिवाजी पेठेत दोन तट पडायला फारसं निमित्त लागत नाही. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडीलचा फुटबॉल सामना असला की आपली पेठ एकीकडे, मंगळवार पेठ दुसरीकडे. आणि गाठ खंडोबा तालमीशी पडली की मग पेठेतच उभी फाळणी. हंगाम नसेल तेव्हा मंडळी मिळेल त्या विषयावर भागवून घेतात. यंदाच्या दिवाळीत गोल्फवर भागवावं लागलं.

गोल्फचा आणि पेठेचा तसा काही संबंध नाही. तिथं एकेक फटका दोनशे यार्ड जातो म्हणे. निवृत्ती चौकातून तसा मारला तर चेंडू तीन गल्ल्या, दोन तालमी आणि एखादा लग्नाचा मांडव ओलांडून जाईल, आणि आणायला कुणी जाणार नाही. पण माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे, रविवारी येरवड्याच्या गोल्फ मैदानावर जातो, आणि आपल्याला पडलेला प्रश्न तो पिशवीसकट आजोळी घेऊन आला.

प्रश्न होता वेजचा. वेज म्हणजे जवळच्या फटक्याची काठी. तिचं तोंड आभाळाकडे जास्त कललेलं असतं, त्यामुळे चेंडू लांब न जाता उंच उडतो आणि अलगद उतरतो. कंपन्या लोखंडी काठ्यांच्या सेटबरोबर त्याच घडणीच्या वेज देतात. मुरलेले खेळाडू मात्र सेटमधल्या वेज बाजूला ठेवून सुट्या विकत घेतात. भाच्याला ५४ आणि ५८ अंशांच्या दोन सुट्या हव्या होत्या. माझ्या बहिणीचं म्हणणं एकच : चांगला सेट कशाला मोडायचा?

पिशवी कट्ट्यावर गेली. एकानं काठी उचलली, तिचं डोकं नखानं वाजवलं आणि विचारलं, "कास्टिंग हाय का फोर्जिंग?" भाचा चाटच पडला, हा प्रश्न त्याला पुण्यात कुणी विचारला नव्हता. पण ज्यांचं आयुष्य उद्यमनगरात लोखंड ओतण्यात आणि घासण्यात गेलं, ते दुसरं काय विचारणार? मग त्यानं समजावलं. सेटमधल्या वेजची पाठ बहुधा पोकळ असते, वजन कडेला सारलेलं असतं, म्हणून फटका मधोमध बसला नाही तरी निभावतं. सुट्या वेजची पाठ भरीव, आणि तिचा तळ वेगवेगळ्या तऱ्हेनं घासलेला मिळतो. कुठं टाच घासलेली, कुठं पुढची कड घासलेली.

"एवढंच न्हवं?" समोरून उत्तर आलं. "आण की उद्या. धा मिनटांत घासून देतो."

तळ घासून काय साधतं, हे आबांना सांगावं लागलं नाही. आबा जुने पैलवान. तालमीच्या हौदातली तांबडी माती त्यांनी वर्षानुवर्षं खोऱ्यानं उकरली आहे. ते म्हणाले, खोऱ्याचं नाक लावलं की ते रुतणार, पोट टेकवलं की ते मातीवरून सरकणार. गोल्फमध्ये या पोटालाच बाउन्स म्हणतात. भुसभुशीत वाळूत पोट मोठं हवं, नाहीतर काठी वाळूतच अडकते. टणक जमिनीवर ते लहान हवं, नाहीतर काठी आपटून उसळते आणि चेंडूच्या डोक्यात बसते. म्हणजे एकाच घडणीच्या वेज सगळीकडे चालतील असं नाही. आबा सुट्या वेजच्या बाजूला झुकले असं वाटलं.

पण लगेच त्यांच्यातला पैलवान आडवा आला. "जोडी मातर सारखीच पायजे," ते म्हणाले. जोडी म्हणजे तालमीतली, दोन हातांत धरून खांद्यामागून फिरवायची. एक जड, एक हलकी असली की ताल जातो आणि खांदा बोंबलतो. सेटवाल्यांना जोर चढला. तेवढ्यात फुटबॉल खेळणारा एक पोरगा म्हणाला, "पण आबा, ह्यो दोन्ही हातांत दोन वेज घेऊन मारतोय का?"

कट्टा गप्प. माझ्या मते वाद इथंच मिटला होता. एकाच वेळी दोन हातांत असणाऱ्या वस्तू सारख्या हव्यात. एकामागून एक हातात येणाऱ्यांनी एकमेकींसारखं दिसायचं कशासाठी? पण पेठेत वाद मिटला म्हणजे मंडळींनी घरी जायचं असं थोडंच असतं!

जोडीचं नाव निघालंच होतं, म्हणून मीही माझं थोडं ज्ञान पाजळलं. इंग्रज फौजेनं आपली जोडी इथं पाहिली आणि एकोणिसाव्या शतकात तिकडे नेली. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये ती फिरवण्याची स्पर्धा होती, आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये गोल्फही होता. जोडीला पुन्हा १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला बोलावणं आलं, नंतर नाही. गोल्फ २०१६ मध्ये परतला. आबांना हा उघड अन्याय वाटला.

खरं तर सेट ही गोष्टच अलीकडची. पूर्वी काठ्यांचे दांडे हिकरीच्या लाकडाचे असत, आणि प्रत्येक दांड्याचा स्वभाव वेगळा. खेळाडू एकेक काठी हातात घेऊन, हलवून, मनाला पटली तर घ्यायचा. पोलादी दांडा मान्य झाला, ब्रिटनमध्ये तर १९२९ मध्ये, आणि मग नंबर घातलेले एकसारखे सेट निघाले. १९३० मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा बॉबी जोन्स हिकरीवाला. त्याच्या काठ्या पुढे कुणी तोलून पाहिल्या, तर एक सोडून सगळ्यांचा तोल जुळत होता, आणि न जुळणारी काठी नेमकी त्याला आयुष्यभर छळणारी निघाली, असं सांगतात. ही गोष्ट दोन्ही तटांनी आपल्या बाजूची म्हणून वापरली.

जीन साराझेन मात्र शंभर टक्के उद्यमनगरचा माणूस. वाळूतून चेंडू निघेना म्हणून त्यानं स्वतःच काठीच्या तळाला डाग देऊन धातू चढवला, पोट वाढवलं, आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. स्पर्धेआधी कुणी हरकत घेऊ नये म्हणून रात्री ती काठी कोटाखाली लपवून खोलीवर न्यायचा म्हणे. आजची सँड वेज ती हीच.

मला विचाराल तर सगळा सेट मोडायची गरज नाही. जुन्या सेटांत पिचिंग वेज ४८ ते ५० अंशांची असायची. आता कंपन्यांना चेंडू लांब गेलेला दाखवायचा असतो, म्हणून तीच वेज ४४-४५ अंशांवर आणून ठेवली आहे. म्हणजे नाव वेजचं आणि काम कालच्या नऊ नंबरच्या काठीचं. तिच्यानं पूर्ण फटकाच मारायचा असतो, तिथं पोकळ पाठच बरी. पुढच्या वाळूतल्या आणि नाजूक कामाला सुट्या घ्याव्यात. दोघींमध्ये चार ते सहा अंशांचं अंतर राहिलं म्हणजे झालं. ठसा कुठल्या कंपनीचा हे चेंडूला वाचता येत नाही. पण फटका बसतच नसेल मधोमध, तर सगळा सेटच ठेवावा. किती वेळा बसतो, असं मी भाच्याला विचारलं. तो रंकाळ्याच्या दिशेनं बघायला लागला.

शेवटी त्यानं दोन्ही सुट्या वेज मागवल्या. सेटमधली सँड वेजही ठेवली, कारण सेट मोडला म्हणून आई बोलणार. आता पिशवीत काठ्या झाल्या पंधरा, आणि नियम चौदाचा. अमेरिकेत १९३८ पासून, ब्रिटनमध्ये पुढच्या वर्षापासून. त्याआधी लोक वीस-पंचवीस काठ्या घेऊन हिंडायचे आणि पिशवी उचलणाऱ्या पोरांचे हाल व्हायचे. आता एक जास्त सापडली की त्या होलला दोन फटके दंड, फेरीत फार तर चार.

कुठली काढायची यावर कट्टा पुन्हा बसला. आबांनी पिशवीतली सगळ्यात लांब काठी बाहेर ओढली. तो ड्रायव्हर, भाच्याचा जीव की प्राण.

"ही काढ की," आबा म्हणाले. "दोनशे यार्ड मारून फुडं चालतच जायाचं न्हवं? मग दोनदा मार शंभर-शंभर. कोण गाडी सुटायलीया?"

भाच्यानं ड्रायव्हर त्यांच्या हातातून काढून घेतला, त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी चढवली आणि पिशवी माजघरात नेऊन ठेवली.