दाढी वाढवता येते

पाळीच्या पॅडच्या खर्चाचा विषय चारचौघांत निघाला की एक वाक्य हमखास येतं. ‘मग आम्हीही ब्लेड आणि क्रीम विकत घेतोच की! आम्हाला कोण सूट देतं?’ बोलणारा बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो. बायकांच्या वाट्याला एक खर्च आला, पुरुषांच्या वाट्याला दुसरा, फिटंफाट, असं त्याला मनापासून वाटत असतं. गैरसमज म्हणून मी हे सोडून देणार नाही. याच समजुतीवर आपल्याकडे कर ठरले, सरकारी याद्या ठरल्या, आणि हजारो बायकांनी त्याची किंमत स्वतःच्या शरीराने मोजली.

आधी पैशांचं बघू. साधं ब्लेड दोन-तीन रुपयांना येतं आणि त्यात तीन-चार दाढ्या होतात. पाच पात्यांचं रेझर घ्यायचं की सलूनमध्ये जाऊन गरम टॉवेलची चैन करायची, हे ज्याच्या त्याच्या खिशावर. पॅड मात्र चार ते सहा तासांनी बदलावाच लागतो. दिवसाला चार धरले तर पाच दिवसांच्या पाळीला वीस लागतात. नेहमीच्या दुकानातला पॅड सहा रुपयांचा धरू. मोठे घेतले तर दहा-बारालाही पडतात. एकीचे महिन्याला १२० रुपये झाले. घरात आई आणि वयात आलेल्या दोन मुली असल्या तर ३६०. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे उन्हात माती उपसण्याचा एक अख्खा दिवस आणि वर थोडा, दर महिन्याला, फक्त एवढ्यासाठी. त्याच घरातल्या बापाच्या दाढीचा खर्च त्या दिवसाच्या चहापाण्यात बसतो.

तरी वादाचा गाभा हा आकडा नाही. उद्या ब्लेड शंभर रुपयांना झालं तर पुरुषाकडे एक उत्तर आहे, आणि त्याला दमडी लागत नाही. दाढी वाढवता येते. वाढलेल्या दाढीने कुणाची शाळा सुटत नाही, कपडे खराब होत नाहीत, जंतुसंसर्ग होत नाही. पाळीला असं उत्तरच नाही. ती पगाराची तारीख बघून येत नाही आणि या महिन्यात पैसे नाहीत म्हणून थांबत नाही.

याची परीक्षा आपण सगळ्यांनी मिळून दिलेली आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सलून बंद झाली. महाराष्ट्रात २८ जूनपासून ती उघडली तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांपुरती. दाढीला मनाई कायम होती. त्या तीन महिन्यांत सलूनवाल्यांचे हाल झाले. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न होता आणि तो खराच होता. पण गिऱ्हाइकांचं काय बिघडलं? कुणी घरीच दाढी उरकली, कुणी वाढवली, हौशीने फोटोही काढले.

त्याच टाळेबंदीतली दुसरी गोष्ट आठवा. जीवनावश्यक वस्तूंची जी पहिली यादी निघाली, तिच्यात धान्य होतं, दूध होतं, औषधं होती. सॅनिटरी पॅडचं नाव नव्हतं. कारखाने थांबले, मालाच्या गाड्या अडल्या. शेवटी २९ मार्चला केंद्रीय गृहसचिवांना राज्यांना पत्र लिहून कळवावं लागलं की साबण, टूथपेस्ट अशा स्वच्छतेच्या वस्तूंबरोबर पॅडही चालू द्यायचे आहेत. एकशे तीस कोटींच्या देशात यादी करायला बसलेल्यांपैकी एकालाही ही वस्तू वेळेवर सुचली नाही. आणि शाळेतून ज्यांना पॅड मिळत होते, त्या मुलींचे पॅड शाळेच्या कुलपाबरोबरच बंद झाले.

सरकारला माणसाच्या शरीराच्या गरजा समजतच नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारचे १९६ भत्ते तपासले. त्यांत हजामतीचा भत्ता होता. अंघोळीच्या साबणाचा भत्ताही होता. आयोगाने ते वेगळे न ठेवता एकत्रित भत्त्यात घेतले. चुकीचं काहीच केलं नाही. जवानाने केस बारीक आणि चेहरा नीट ठेवायचा हा नियम असेल, तर त्याचा खर्च नियम करणाऱ्याने द्यावा, हे न्यायाचंच आहे. ज्यांना नोकरीपायी रोज दाढी करावी लागते, त्यांच्या बाजूने मीही उभी राहीन. मला एवढंच दाखवायचं आहे की एखादी गोष्ट गरजेची आहे असं एकदा मनावर घेतलं, की सरकार कात्री आणि साबणाच्या वडीपर्यंत हिशेब पोचवतं. हे त्याला जमतं.

आता कर. इथे आपल्या बाजूचे लोकही चुकीचं बोलतात, म्हणून स्पष्ट सांगते. भारतात जीएसटीखाली दाढीच्या क्रीमवर पॅडपेक्षा कमी कर कधीच नव्हता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के कर लागला आणि दाढीच्या क्रीमवर २८ टक्के. त्या नोव्हेंबरात क्रीमचे १८ झाले. ब्रिटनमध्येही पॅडवरच्या कराविरुद्ध लढताना पुरुषांचं रेझर करमुक्त असल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात पॅडवर ५ टक्के होते आणि रेझरवर २०. खोटा मुद्दा खऱ्या लढ्याला नडतो. तो टाकून द्यावा.

खरा मुद्दा करमुक्त वस्तूंच्या यादीत होता. २०१७ च्या त्या यादीत कुंकू होतं, टिकली होती, काचेच्या बांगड्या होत्या, कंडोमही होते. कंडोम करमुक्त हवेतच. पण बाईने सौभाग्याची खूण लावायची तर सरकारने कर सोडला आणि रक्त टिपायचं तर शंभरावर बारा रुपये घेतले. मुंबईतून ‘लहू का लगान’ ही मोहीम निघाली. दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली, तेव्हा न्यायाधीशांनी कुंकवा-टिकलीचाच दाखला देऊन सरकारला जाब विचारला, आणि ३१ जणांच्या जीएसटी परिषदेत एकही बाई नाही यावरही बोट ठेवलं. वर्षभराच्या रेट्यानंतर २७ जुलै २०१८ पासून पॅडवरचा कर गेला. आपण टाळ्या वाजवल्या आणि विषय मिटला असं समजून घरी गेलो.

तो मिटलेला नाही. पॅड बनवणाऱ्याला लाकडाचा लगदा लागतो, ओल शोषणारी पावडर, प्लॅस्टिकचा पापुद्रा, गोंद, पाकीट लागतं. या सगळ्यावर तो जीएसटी भरतो. विकायची वस्तू करपात्र असती तर हा भरलेला कर त्याला वळता करून मिळाला असता. पॅड करमाफ असल्याने तो मिळत नाही. मग तो कर किमतीत मिसळतो आणि बाईच्या पिशवीत जाऊन पडतो. पाकिटावर दिसत नाही, एवढाच फरक.

तेच पॅड परदेशी पाठवले तर? निर्यातीला शून्य दर आहे. वस्तू देशात करमाफ असली तरी निर्यातदाराला कच्च्या मालावरचा कर परत मागता येतो, तशी कायद्यात तरतूद आहे. म्हणजे दुसऱ्या देशातल्या बाईसाठी आपलं सरकार कच्च्या मालावरचा कर परत करतं आणि परभणीतल्या बाईसाठी ठेवून घेतं. हे अर्थशास्त्र नव्हे. ही निवड आहे, आणि ती बदलता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दाढीच्या क्रीमवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. क्रीम बनवणाऱ्याला कच्च्या मालावरचा कर वळता करून घेता येतो. वर उरला तर परताव्याची वाटही कायद्यात आहे. पॅडवाल्याला तीच वाट कायद्यानेच बंद आहे. दर कमी करायला बसलेल्या परिषदेला क्रीम आठवलं. ते आठवलं याचं दुःख नाही. त्याच टेबलावर पॅडचा अडकलेला कर काढायला एक ओळ पुरली असती.

आणि दाढीचंच बोलायचं तर बाईचं रेझरही महाग असतं. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ मध्ये सुमारे आठशे वस्तूंची तुलना केली, त्यात बायकांसाठीची रेझर पुरुषांच्या रेझरपेक्षा सरासरी ११ टक्के महाग निघाली. एवढं सांगून पुढे जाते, कारण रेझरवाचून बाईचंही अडत नाही.

स्वस्त पॅडच्या योजना आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड ऑगस्ट २०१९ पासून एका रुपयाला मिळतो. पण केंद्र असतं तालुक्याला, मोठ्या बाजारपेठेत. अर्ध्या तिकिटात एसटीने जायचं म्हटलं तरी दिवस मोडतो. राज्य सरकारने ८ मार्च २०१८ ला ‘अस्मिता’ योजना आणली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट, बचत गटांमार्फत. कल्पना नेटकी होती, गावातल्या बाईच्या हाताला चार पैसेही मिळणार होते. पण आठ पॅड म्हणजे दोन दिवस. उरलेले तीन दिवस त्या मुलीने काय करायचं, हे पाकिटाचा आकार ठरवणाऱ्याने एखाद्या आईला विचारलं असतं तरी कळलं असतं.

मग सल्ले सुरू होतात. कापड वापरा, आजी वापरायचीच की. कप घ्या, वर्षानुवर्षं चालतो. दोन्ही चांगले पर्याय आहेत, ज्यांना जमतात त्यांनी जरूर वापरावेत. पण कापड धुवायला पाणी लागतं आणि वाळवायला ऊन. कप उकळायला भांडं लागतं आणि बदलायला कडी लागणारं दार. ज्या वाडीत टँकर चार दिवसांनी येतो आणि दोरी चारचौघांच्या नजरेसमोर बांधलेली असते, तिथे हे सल्ले देणाऱ्याने आधी पाण्याचं बोलावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या ७७.३ टक्के मुली-बायका पाळीत स्वच्छ साधन वापरतात असं दिसलं. त्याआधीच्या पाहणीत ५७.६ टक्के होत्या. वाढ मोठी आहे, आनंदाची आहे. तरीही चौघींतली जवळजवळ एक बाहेरच राहिली.

ती बाहेर राहिलेली कोण असते, ते बीडमध्ये दिसलं. दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायकोच्या जोड्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. राहायला फडाच्या कडेला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, तिला ना संडास ना मोरी. पहाटे अंधारात फडात शिरायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त. पाळीच्या दिवसांत मळकं कापड, धुवायला पाणी नाही, अंगावरून जाणं, पोटदुखी. डॉक्टरकडे जावं तर पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल, हे ऐकायला मिळतं. आणि पिशवी काढली की पाळीही संपते, खाडाही संपतो.

२०१९ मध्ये सरकारने याची चौकशी करायला आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहा जणींमागे एक. यातल्या कित्येकींनी चाळिशीही पाहिली नव्हती. सगळ्या शस्त्रक्रिया पॅडअभावी झाल्या असं मी म्हणत नाही. कर्ज, दंड, भीती आणि नफेखोर दवाखाने सगळे एकत्र आले होते. पण पाळी हा जिथे पाचशे रुपयांचा गुन्हा ठरतो, तिथे बाई पाळीच मुळापासून काढून टाकते. दाढी न केल्याबद्दल फडात कुणाला खाडा लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणून मागण्या दोन, आणि दोन्ही आजच्या आज करण्यासारख्या. जीएसटी परिषदेने पॅड, कप आणि धुऊन वापरायच्या पॅडला करमाफीऐवजी निर्यातीसारखाच शून्य दर द्यावा, म्हणजे आत अडकलेला कर बाहेर येईल. आणि किंमत तेवढी उतरली की नाही यावर सरकारने लक्ष ठेवावं. दुसरी मागणी राज्याकडे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलेलं आहे. एक कोयता, म्हणजे एक जोडी, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. दीडच धरा, महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरा. एका जोडीच्या घामावर कारखान्याच्या बाजूनेच ३७५ रुपये जमतात, सरकारचे तेवढेच वेगळे. त्यातल्या बाईच्या पॅडला लागतात १२०. गळीत हंगाम सुरू होताना हे पॅड, पाण्याची टाकी आणि दार असलेली मोरी फडावर पोचलीच पाहिजे, आणि पाळीच्या दिवसांचा खाडा लावणाऱ्या मुकादमाशी कारखान्याने करार करता कामा नये.