काका, तुमचं कर्ज कमी पडलं!

कर्ज फिटत नसेल, तर माणसाच्या हातून एकच चूक झालेली असते: त्यानं ते फार कमी घेतलेलं असतं.

आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकांचंच घ्या. मोटार जळली म्हणून त्यांनी पतसंस्थेतून 3 लाख उचलले. हप्ते थकले, तशी संस्थेनं सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला आणला. वसुली अधिकारी नेमका दळणाच्या गर्दीत येतो आणि डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर काकांना चढ्या आवाजात 'थकबाकीदार' म्हणतो. जामीन राहिलेल्या गुरुजींच्या पगारातून कपात सुरू झालीय. गुरुजींचा त्या मोटारीशी संबंध एवढाच, की त्यांचे गहू तिथं दळले जातात.

आता व्हिडिओकॉन बघा. मूळची औरंगाबादची कंपनी. तिचा टीव्ही आपल्यापैकी कितीतरी घरांत हप्त्यानं आला आणि ते हप्ते लोकांनी मुकाट्यानं फेडलेसुद्धा! पुढं कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि सुमारे 65 हजार कोटींचे दावे मान्य झाले. जून 2021 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाच्या मुंबई खंडपीठानं 3 हजार कोटींच्याही आतली बोली मंजूर केली. घेणारा जवळजवळ काहीच देत नाही, असं लवादानंच निकालात नोंदवलं आणि शिक्का मारला. माल पुरवणाऱ्यांच्या हाती शंभर रुपयांमागे 72 पैसे पडायचे होते. अपिलात तो आराखडा रद्द झाला, हे खरं. पण बाजारभाव तर कळला!

त्या बोलीचाच भाव लावून काका 3 लाखांपोटी चौदा हजार रोख घेऊन पतसंस्थेत गेले. व्यवस्थापकांनी हसतमुखानं पैसे मोजून घेतले, पावती फाडली आणि वर शेरा मारला: 'व्याजात जमा.'

कराचंही तेच. बड्या शेठजींना मुळात उत्पन्नच फारसं नसतं हो, बिचाऱ्यांना. शेअर असतात. त्यांचा भाव कितीही चढला, तरी विकेपर्यंत त्यावर कर नाही. मग विकायचे कशाला? गहाण ठेवले की कर्ज मिळतं आणि कर्जाच्या रकमेवर आयकर नसतो. बंगला बांधा, विमान घ्या. कागदोपत्री माणूस कर्जबाजारीच. पुढं सगळं मुलाबाळांकडं गेलं तरी सरकार वाटेत आडवं येत नाही. वारशावरची इस्टेट ड्यूटी 1985 मध्येच गेली, संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पानं संपवला. 5 कोटींवरच्या उत्पन्नावर 37 टक्के अधिभार होता, तोही 2023 मध्ये नव्या करप्रणालीत 25 वर आणला. कनवाळूपणा म्हणतात तो हाच.

तरीही विषमतेच्या नावानं गळा काढणाऱ्यांनी एकदा व्यवसायकराकडं बघावं. वर्षाला 2,500 रुपये, यापुढं जायचं नाही, असं राज्यघटनेनंच बजावलंय. गुरुजींच्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात. कोट्यवधींचा पगार घेणाऱ्या मुंबईतल्या कंपनीप्रमुखाचेही तेवढेच, पैचाही फरक नाही. फक्त गुरुजींच्या पगारपत्रकात त्याखाली आणखी एक रकाना असतो: पतसंस्था वसुली.