दुवे मागणारा दाजी

माझ्या मेव्हण्याचं जयसिंगपुरात भडंगाचं दुकान आहे. ते चांगलं चालतं. मी त्यात लक्ष घालायच्या आधी तर फारच चांगलं चालत होतं. 2011 च्या दिवाळीत, बासुंदीच्या भरात, 'तुझी वेबसाइट मी करून देतो' असं मी सासरच्या भरल्या पंगतीत जाहीर केलं. जावयाचा शब्द म्हटल्यावर कोण नको म्हणणार?

साइट झाली. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं आणि वर डावीकडून उजवीकडे धावणारी ओळ. अडचण एकच होती, ती मेव्हण्याला आणि मला सोडून कुणालाच दिसत नव्हती. गूगलवर शोधलं की आपली पाटी पार चौथ्या पानावर. मग मी रात्री जागून एसईओ नावाच्या शास्त्राचा अभ्यास सुरू केला, आणि सवयीप्रमाणे अर्ध्यावर थांबवला.

स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेलं, गूगलच्या मुळाशी असलेलं 'पेजरँक'चं तत्त्व आपल्याकडच्या कुठल्याही आत्याबाईला न शिकवता कळेल. स्थळ कसं आहे हे मुलाला विचारायचं नसतं, गावाला विचारायचं. गावातही पारावरच्या दहा रिकामटेकड्यांपेक्षा हेडमास्तरांच्या एका शब्दाला वजन जास्त. एका साइटने दुसरीला दिलेला दुवा म्हणजे अशीच शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याची जेवढी पत तेवढं तिचं वजन. मी हे वाचलं, मान डोलावली आणि पारावरचे रिकामटेकडे गोळा करायला निघालो.

माझे रिकामटेकडे म्हणजे वेब डिरेक्टऱ्या. हा मुळात सज्जन प्रकार. 1994 मध्ये याहूचा जन्म झाला तोच दोन विद्यार्थ्यांनी साइट्सची विषयवार यादी करायला घेतली म्हणून. डीमॉझ नावाच्या डिरेक्टरीत तर स्वयंसेवक संपादक एकेक साइट उघडून बघत आणि पटली तरच यादीत घालत. वर्णन साध्या शब्दांत लिहा, जाहिरातबाजी नको, अशी तिथे स्पष्ट सूचना होती. मी लिहिलं, 'जगातील सर्वोत्कृष्ट, अस्सल आणि एकमेव भडंग'. ते घेतलं गेलं नाही. त्या संपादकाच्या जागी मी असतो तरी घेतलं नसतं. याहूच्या डिरेक्टरीत धंदेवाईक साइटचा नुसता विचार करायचे वर्षाला 299 डॉलर, आणि विचारांती नाही म्हणाले तरी पैसे परत नाहीत. मेव्हण्याने मनात हिशेब केला. "दाजी, एवढ्यात मुरमुऱ्याचा टेम्पो दारात येतोय."

उरल्या फुकटातल्या. त्यांचा सुकाळ होता. आज निघालेली डिरेक्टरी उद्या बंद, परवा दुसऱ्या नावाने चालू. प्रत्येकीचा फॉर्म तोच: नाव, पत्ता, फोन, वर्णन आणि शेवटी दारू प्यायल्यासारखी वाकडी अक्षरं ओळखायची. खरा घोळ खात्यांचा होता. भडंग नावाचं खातं जगात कुणी उघडलेलं नव्हतं. एका ठिकाणी आम्ही न्याहारीच्या सीरियलमध्ये गेलो, एका ठिकाणी धान्यप्रक्रिया यंत्रांत. एकीकडे 'इतर' मध्ये जागा मिळाली. तिथे आमच्या वर ऑनलाइन कॅसिनो होता आणि खाली वजन घटवायच्या गोळ्या. मोहरीची फोडणी, परतलेला लसूण, कढीपत्ता आणि तळलेले शेंगदाणे यांचा तो खमंग ऐवज त्या दोघांच्या मध्ये अंग चोरून बसला होता.

काही डिरेक्टऱ्या दुवा देण्याच्या बदल्यात दुवा मागत. तोही मी दिला. पंधरवड्यात दुकानाच्या पानाच्या तळाशी इतकी परकी नावं जमली की माळकरी सासऱ्यांनी एकदा कौतुकाने साइट उघडली, चुकून तळाशी बोट लागलं आणि समोर रुलेटचं चाक फिरायला लागलं. त्यांनी मोबाइल शांतपणे उपडा ठेवला. त्यानंतर माझ्याशी ते फक्त हवापाण्याचं बोलत.

यश मात्र आलं. साइट दुसऱ्या पानावर आली आणि मी गल्लीतून छाती काढून फिरलो. मेव्हण्याचा फोनही वाजायला लागला. सगळ्या फॉर्मांत त्याचा नंबर मीच घातला होता, आणि असे नंबर वेचून विकणाऱ्यांचा वेगळा धंदा असतो हे माझ्या अभ्यासाच्या उरलेल्या अर्ध्यात होतं. कुणी मुरमुरे फुलवायचं यंत्र विकत होतं, कुणी कर्ज देत होतं. एकदा मेव्हणा परातीत कोपरापर्यंत हात घालून मेतकूट कालवत होता, फोन खांद्यात धरलेला, मिरचीने डोळे लाल. मला म्हणाला, "दाजी, ह्यो बघा काय म्हणतोय. आपण पैल्या पानावर न्हाई म्हणं. कुठल्या पेपराच्या?"

24 एप्रिल 2012 ला गूगलने 'पेंग्विन' आणला. ओढूनताणून जमवलेले दुवे हुडकायचे आणि ते जमवणाऱ्याला खाली ढकलायचं, हे त्याचं काम. आमचा गुन्हा हुडकायला त्याला कष्ट पडले नसावेत. झाडून सगळ्या ठिकाणी मी दुव्यावर एकच वाक्य चिकटवलं होतं, 'बेस्ट भडंग ऑनलाइन'. अख्खं गाव एका मुलाबद्दल शब्दन्‌शब्द तेच बोलायला लागलं तर आत्याबाईसुद्धा ते स्थळ सोडून देतात. आता दुकानाचं पूर्ण नाव टाकलं तरी दुकान सापडेना. सापडायची ती न्याहारीची सीरियल.

मग उलटा प्रवास. काही डिरेक्टऱ्यांचे मालक गायब झाले होते, काहींनी नाव काढून टाकायचे पैसे मागितले. मेव्हणा म्हणाला, "आत जायला फुकट आन्‌ भाईर यायला पैसे? जत्रंतल्या मौत का कुआँत पण असलं नसतंय." ऑक्टोबरमध्ये गूगलने नको असलेले दुवे नाकारायची सोय सुरू केली. नाकारायच्या साइट्स साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीने लिहायच्या आणि ती वर चढवायची. पण आधी ते दुवे स्वतः काढवून घ्यायचा प्रयत्न करा, असंही सांगितलेलं. म्हणून मी कडक इंग्रजीत एक पत्र तयार केलं: आपली साइट हलक्या दर्जाची असून तिचा दुवा आमच्या व्यवसायाला हानिकारक आहे, तरी तो तत्काळ काढावा. दुवे देणाऱ्या सगळ्यांची यादी उतरवली आणि एकेक न तपासता पत्र सगळ्यांना धाडलं.

त्या यादीत परदेशातलं एक महाराष्ट्र मंडळही होतं. तिथली मंडळी सुट्टीला आली की बॅगा भरून भडंग न्यायची. गणेशोत्सवाच्या त्यांच्या पानावर, कुणीही न सांगता, त्यांनी आमचं नाव आणि दुवा दिला होता. आमच्या नशिबातली तेवढीच खरी शिफारस.

फोन भर दुपारी दुकानात आला. मेव्हण्याने दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे असं बघितलं की मी उभा राहिलो. "तुमचाच हाय," म्हणाला, आणि भट्टीकडे सटकला.

"हलक्या दर्जाची म्हणजे नेमकं काय हो?" पलीकडून स्वच्छ, थंड पुणेरी आवाज आला. "पत्र लिहिणारे गृहस्थ आहेत का?"

"ते बाहेरगावी गेलेत," मी म्हणालो.

"मग आपण कोण?"

"मी... पुड्या बांधायला असतो."

"बरं, तुम्हीच लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "माझी बहीण पुढच्या आठवड्यात येतेय. दिवाळीसाठी पंधरा किलो बांधून ठेवा. आमच्याकडून घेतलेले पैसे तुमच्या व्यवसायाला हानिकारक नसतील तर."